जुनी स्टीलची गॅस शेगडी : कोणता गंज काढावा, कोणत्या गंजाला भ्यावे



सुगी आटोपली, चार पैसे हाती आले की घरात एखादी सोयीची वस्तू आणावी असे प्रत्येकाला वाटते. नवी शेगडी लगेच परवडत नाही, म्हणून कोणी शहरातल्या नातेवाइकाकडची जुनी आणतो, तर कोणी बाजारातून वापरलेली, स्टेनलेस स्टीलची, दोन बर्नरची शेगडी घेतो. यात कमीपणा काही नाही. चांगल्या पत्र्याची शेगडी नीट राखली तर पुष्कळ वर्षे चालते.

पण अशी शेगडी बहुधा कोणाच्या तरी माळ्यावर नाही तर पडवीत धूळ खात पडलेली असते. तेलकट काजळी, करपलेल्या दुधाचे थर आणि जागोजागी तांबूस ठिपके. घरी आणल्याबरोबर कोणीतरी राख आणि लोखंडी तारेची घासणी घेऊन बसते. दोन तास दंड मोडेपर्यंत घासणे होते. संध्याकाळी शेगडी आरशासारखी चकाकते आणि सारे घर खूष होते. पंधरा दिवसांनी पाहावे तो पूर्वीच्या दुप्पट ठिपके! मग "स्टील खोटे निघाले" म्हणून विकणाऱ्याच्या नावाने बोटे मोडायची.

खरे तर बहुतेक वेळा दोष स्टीलचा नसतो, घासणीचा असतो. आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वरच्या पत्र्यावरच्या ज्या गंजासाठी आपण दोन तास घालवतो तो फार तर दिसायला वाईट. शेगडी उलटी केल्यावर, गॅस वाहून नेणाऱ्या पाइपावर जो गंज दिसतो तो घराचा घात करू शकतो, आणि त्याकडे कोणी पाहतच नाही. हे दोन गंज वेगळे ओळखायला शिकावे, एवढाच आजच्या धड्याचा हेतू आहे.

१. स्टीलला गंज का चढतो?

विळा, कोयता, नांगराचा फाळ हे लोखंडी. ओल लागली की गंजतात, हे आपल्याला ठाऊक आहे. स्टेनलेस स्टीलमध्येही बराचसा भाग लोखंडच असते. पण त्यात क्रोमियम नावाचा धातू मिसळलेला असतो, शंभर भागांत निदान साडेदहा भाग. इंग्लंडमधील शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली हे बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करीत होते. १९१३ साली त्यांनी क्रोमियम घातलेले असे पोलाद तयार केले आणि त्यावर गंज चढत नाही असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे त्याचे सुरी-काटे झाले, मग भांडी झाली आणि आज शेगडीही झाली.

हे क्रोमियम करते काय? हवेतला प्राणवायू लागला की ते पृष्ठभागावर एक अतिशय पातळ पापुद्रा तयार करते. हा पापुद्रा मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतो, डोळ्यांना दिसत नाही. पण तोच स्टीलचे कातडे. ओरखडा पडला तर आपल्या हाताचे कातडे जसे पुन्हा भरून येते, तसा हा पापुद्राही आपोआप भरून येतो. अट एकच : जागा स्वच्छ हवी आणि तिला हवा लागायला हवी.

हे कातडे भरून येऊ न देणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन :

(अ) मीठ. पेज उतू गेली, आंबट-खारट हुमण सांडले, ते तसेच वाळले. मिठातला क्लोराइड हा अंश पापुद्र्याला बारीक भोके पाडतो. गोव्याच्या किनारपट्टीत आणि खाजन शेतीच्या भागात हवेतच मीठ असते. कूपनलिकेचे पाणी खारट असेल तर धुतानाही मीठ बसते.

(आ) लोखंडाचे कण. तारेच्या घासणीचे बारीक तुकडे स्टीलमध्ये रुततात. ओल लागताच हे कण गंजतात आणि वाटते की स्टीलच गंजले. अंगणात ग्राइंडरवर फाळ वा कोयता घासताना उडालेल्या ठिणग्या म्हणजेही लोखंडाचे कणच. शेगडी जवळ असेल तर ते तिच्यावर बसतात.

(इ) झाकलेली ओल. काजळीच्या, चिकट तेलाच्या वा मळाच्या थराखाली ओल अडकली की तेथे हवा पोहोचत नाही आणि कातडे भरून येत नाही. शेगडीखाली वर्तमानपत्र वा प्लास्टिक अंथरण्याची सवय म्हणूनच वाईट. ओल धरते आणि आगीचीही भीती.

शेतकऱ्याच्या घरी आणखी एक कारण असते. कोपऱ्यात खताची पोती. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. पोते फुटून त्याची भुकटी शेगडीवर बसली आणि पावसाळी हवेने ओली झाली की स्टीलला ठिपके पडलेच म्हणून समजा. खते आणि औषधे स्वयंपाकघरात ठेवूच नयेत. माणसाच्या जिवासाठी तर नाहीच नाही.

२. घेतानाच पाहून घ्या

जुनी शेगडी घेताना वरची चकाकी पाहू नये, आधी ती उलटी करावी. पुढील गोष्टी पाहाव्यात :

– शेगडीवर आयएसआयची खूण आहे काय? घरगुती गॅस शेगडीचे भारतीय मानक आयएस ४२४६ हे आहे.

– खालचा गॅसचा पाइप सरळ आहे काय? वाकलेला, ठोकलेला, डाग देऊन जोडलेला किंवा पापुद्रे सुटण्याइतका गंजलेला असेल तर शेगडी फुकट दिली तरी घेऊ नये.

– बटणे दाबून मगच फिरतात काय? सैल, आपोआप फिरणारी किंवा घट्ट अडकलेली बटणे म्हणजे आतले कॉक झिजले.

– पाय, कडा, तिवया बसवायची जागा शाबूत आहे काय? भरलेला टोप ठेवल्यावर डुगडुगणारी शेगडी लहान मुलांच्या घरात धोक्याची.

– लोहचुंबक लावून पाहावा. घट्ट चिकटला तर त्या पत्र्यात निकेल नाही किंवा अगदी थोडे आहे. असा पत्रा वाईट असतोच असे नाही, पण मीठ त्याला लवकर बाधते, म्हणून त्याची निगा अधिक ठेवावी लागते. न चिकटला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. कमी निकेलच्या काही स्वस्त पत्र्यांनाही चुंबक चिकटत नाही.

३. डाग ओळखा, मग हात लावा

सगळे डाग सारखे नसतात. रोग ओळखल्यावाचून औषध देऊ नये.

काळा, चिकट, बोटाला लागणारा : काजळी व तेल. साबण आणि गरम पाणी पुरे.

तपकिरी, कडक, खवल्यासारखा : करपलेले दूध, साखर, डाळ. भिजत ठेवून सोडवावे.

बर्नरभोवती सोनेरी, निळसर, जांभळट छटा : हा गंज नव्हे. उष्णतेने पापुद्रा जाड होऊन रंग दिसतो. तो काढलाच पाहिजे असे नाही.

तांबूस बारीक ठिपके, हात फिरवला तर सपाट लागणारे : वरवरचा गंज. हा घरी जातो.

तांबूस ठिपके, नख फिरवले तर खळगा लागणारे : मीठ आत शिरलेले आहे. गंज निघेल, पण खळगा राहील. तेथे पुढे लक्ष ठेवावे.

आरपार भोक किंवा सुटणारे पापुद्रे : पत्रा गेला. खालच्या चौकटीवर असे असेल तर शेगडी टाकून द्यावी.

४. तयारी

सफाईसाठी दिवसाची वेळ निवडावी. शेगडी पूर्ण थंड असावी. आधी सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद करावा, मग तो काढून सिलिंडरला टोपी लावावी. रबरी नळी शेगडीपासून सोडवावी आणि शेगडी अंगणात, सावलीत न्यावी. सिलिंडर जोडलेला असताना शेगडी उलटी-सुलटी करू नये.

लागणारे सामान साधे आहे : भांडी घासण्याचा साबण किंवा रिठ्याचे पाणी, खाण्याचा सोडा, दोन-तीन लिंबे किंवा किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व, मऊ सुती फडकी, नायलॉनची घासणी, जुना दात घासण्याचा ब्रश, बांबूची काडी आणि गोडे पाणी.

काय घेऊ नये तेही सांगतो. लोखंडी तारेची घासणी, वाळू, विटेचा चुरा, खरखरीत राख, पॉलिश कागद. तसेच कपडे पांढरे करण्याचे ब्लीच आणि संडास साफ करण्याचे आम्ल. ब्लीचमध्ये क्लोरीन असते आणि संडासच्या बऱ्याच आम्लांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ही दोन्ही स्टीलचे कातडे खातात. ती दोन्ही एकत्र झाली तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरू शकतो. चकाकीच्या नादात हा प्रयोग कोणीही, कधीही करू नये.

५. पत्र्याची सफाई

पहिली पायरी. गरम पाण्यात साबण कालवून फडक्याने सारा पत्रा पुसावा. करपलेल्या थरावर ओले गरम फडके अर्धा तास टाकून ठेवावे. थर फुगतो आणि लाकडी उलथण्याने हलकेच सुटतो. सुरीने खरवडू नये.

दुसरी पायरी. उरलेल्या डागांसाठी तीन चमचे खाण्याचा सोडा आणि एक चमचा पाणी असा लगदा करावा. तो लावून पंधरा मिनिटांनी ओल्या फडक्याने घासावे. नीट पाहिले तर स्टीलच्या पत्र्यावर एकाच दिशेने बारीक रेघा दिसतात. घासणे त्या रेघांच्या दिशेनेच व्हावे. गोल गोल घासल्याने ओरखडे पडतात आणि पुढे मळ त्यांतच धरतो. मग गोड्या पाण्याने धुऊन घ्यावे.

तिसरी पायरी, गंजाची. एक पेला कोमट पाण्यात दोन लहान चमचे लिंबूसत्व विरघळवावे. ते नसेल तर ताज्या लिंबाचा रस तसाच घ्यावा. त्यात फडके भिजवून ते गंजाच्या ठिपक्यांवर वीस ते तीस मिनिटे पसरून ठेवावे. वाळू देऊ नये. मग नायलॉनच्या घासणीने हलक्या हाताने घासावे. ठिपके न निघाल्यास पुन्हा एकदा करावे. जोर वाढवू नये, वेळ वाढवावा.

लिंबाचे आम्ल येथे दोन कामे करते. ते गंज विरघळवते आणि पत्र्यात रुतलेले लोखंडाचे कणही काढून टाकते. मोठ्या कारखान्यांतही स्टीलचे भाग तयार झाल्यावर ह्याच जातीच्या आम्लाने, म्हणजे सायट्रिक आम्लाने, धुण्याची पद्धत आहे. लोखंडाचे कण गेले, जागा स्वच्छ झाली, की क्रोमियम आपले कातडे पुन्हा विणते.

गोव्याच्या परसात बिंबलीचे झाड बहुतेक घरी असते. जुन्या बायका बिंबली चोळून पितळी भांडी आणि कपड्यांवरचे गंजाचे डाग काढीत. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असते आणि ते गंजावर चांगले काम करते. अर्धी कापलेली बिंबली ठिपक्यावर चोळून दहा मिनिटांनी धुवावी. मात्र हाच रस औषध म्हणून पेलेच्या पेले पिऊ नये, त्याने मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

एक चूक पुष्कळजण करतात. सोडा आणि लिंबू एकदम मिसळतात. फसफसते, म्हणून काम होते आहे असे वाटते. खरे पाहता आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात आणि हाती खारट पाणी उरते. म्हणून सोडा तेलकट मळासाठी, लिंबू गंजासाठी, आणि दोहोंच्या मध्ये पाण्याने धुणे.

चौथी पायरी, आणि हीच लोक टाळतात. दोनदा गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसावे आणि शेगडी तासभर हवेशीर जागी ठेवावी. पाणी आपोआप वाळू दिले तर पाण्यातले क्षार तेथेच बसतात. तासभराची ही हवा म्हणजे नव्या कातड्याचे अन्न.

६. बर्नर आणि आतली वाट

बर्नर पितळेचे, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे किंवा बिडाचे असतात. ते उचलून काढावेत, साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवावेत आणि ब्रशने घासावेत. धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक सोडा घालून उकळू नयेत. अ‍ॅल्युमिनियम असेल तर ते खाल्ले जाते. पितळी बर्नर चिंचेच्या कोळाने उजळतो, पण पाच-दहा मिनिटांत धुवावा, रात्रभर आंबटात ठेवू नये.

बर्नरची भोके बांबूच्या काडीने मोकळी करावीत. भोके मोठी होतील असे खिळे, दाभण घालू नये. नंतर बर्नर उलटा धरून झटकावा आणि उन्हात पूर्ण वाळवावा.

शेगडी बरेच दिवस पडून होती काय? तर बर्नरखालच्या जाड नळीत अवश्य डोकवावे. तिथे हवा आणि गॅस मिसळतात. या नळीत कोळी जाळे विणतो, कुंभारमाशी मातीचे घर करते. वाट अडली की हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते, भांड्यांची बुडे काळी होतात आणि गॅस फुकट जळतो. लांब मऊ ब्रशने ही नळी साफ करावी.

नळीच्या तोंडाशी बारीक छिद्राचे पितळी जेट असते. त्यात सुई वा तार घालू नये. छिद्र केसाएवढे रुंदावले तरी गॅस जास्त येतो. जेट तुंबले असेल तर ते मेकॅनिककडून साफ करून किंवा बदलून घ्यावे.

७. लोखंडी तिवयांचे काय?

भांडी ठेवायच्या तिवया बहुधा बिडाच्या किंवा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या असतात. बिडाच्या तिवईला तारेचा ब्रश चालतो. गंज निघाल्यावर धुऊन, लगेच ज्योतीवर कोरडी करून, कोमट असताना खाण्याच्या तेलाचे बोट फिरवावे. मुलामा असलेल्या तिवईला मात्र नायलॉनच वापरावे, कारण मुलामा उडाला की खालचे लोखंड गंजू लागते.

तिवयांसाठी वापरलेला तारेचा ब्रश स्टीलच्या पत्र्याला लावू नये. तिवया घासायच्या त्या पत्र्यापासून दूर. नाहीतर साऱ्या सफाईवर पाणी.

८. ज्या गंजाला घरी हात लावू नये

आता मुख्य गोष्ट. शेगडीच्या खालच्या बाजूने जो बारीक पाइप जातो, त्याला जोडलेले कॉक, आणि रबरी नळी बसते ते तोंड, ही गॅसची वाट. या वाटेवर नुसती तांबूस झाक असेल तर फडक्याने पुसून मेकॅनिकला दाखवावी. पापुद्रे, खळगे, हिरवट भुकटी वा भेग दिसली तर ती शेगडी जोडू नये. घासून तर मुळीच पाहू नये, कारण कधी कधी गंजाचा थरच भोक बुजवून बसलेला असतो. तो काढला की गळती सुरू. एम-सील, साबण, च्युइंगम, कापडाची पट्टी असले उपाय गॅसच्या वाटेवर करणे म्हणजे घराशी जुगार.

घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, मोरीत, खोलगट जागेत साठतो. म्हणून शेगडी ओट्यावर, सिलिंडर खाली उभा आणि खोलीला हवा जायला वाट असावी. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. तो वास म्हणजे हाक समजावी.

जुन्या शेगडीबरोबर जुनी रबरी नळी कधीही घेऊ नये. नवी, आयएसआय खुणेची, आत तारांची वीण असलेली नळी आणावी. तिची लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नसावी आणि ती पाच वर्षांच्या आत बदलावी. वापरलेली शेगडी प्रथम जोडताना गॅस वितरकाच्या मेकॅनिकला बोलवावे. त्याचे चार पैसे वाचवणे म्हणजे काटकसर नव्हे.

जोडल्यावर गळतीची परीक्षा अशी करावी. शेगडीची बटणे बंद, रेग्युलेटर चालू. साबणाचा दाट फेस नळीच्या दोन्ही टोकांना आणि खालच्या सांध्यांना लावावा. बुडबुडे फुगू लागले तर गळती आहे. काडी पेटवून परीक्षा कधीही करू नये.

गळती आढळली किंवा वास आला तर : रेग्युलेटर बंद करावा. दारे-खिडक्या उघडाव्यात. चूल, दिवा, मेणबत्ती, अगरबत्ती विझवावी. विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. मुलाबाळांना बाहेर काढावे. बाहेर जाऊन १९०६ या गॅस मदत क्रमांकावर किंवा वितरकाला फोन करावा.

९. ज्योत आणि आरोग्य

सफाईनंतर ज्योत पाहावी. निळी, स्थिर, आवाज न करणारी ज्योत चांगली. मधूनच नारिंगी ठिणगी चमकली तर घाबरू नये, धूळ वा मिठाचा कण जळला असेल. पण ज्योत सतत पिवळी, लांब, डुलणारी असेल तर गॅस अर्धवट जळतो आहे. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्टीत किंवा घाटाखाली आपण दारे-खिडक्या लावून घेतो आणि हे दुखणे हवामानावर ढकलतो. एका स्वयंपाकघरात दोघा-तिघांना एकाच वेळी असे होऊ लागले तर आधी शेगडी बंद करावी, सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक. जुन्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, सफाई करताना हात कापतो. गंजाने धनुर्वात होतो असा आपला समज आहे. धनुर्वाताचे जंतू खरे तर मातीत आणि शेणात असतात. गंज हे त्याचे कारण नाही. पण पडवीत, गोठ्यात पडलेल्या शेगडीवर माती-शेण असणारच. म्हणून जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी. तिच्यावर माती, चुना, शेण लावू नये. जखम खोल असेल किंवा शेवटची लस केव्हा घेतली ते आठवत नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे. पूर्वीच्या टी.टी.च्या जागी आता टी.डी. ही लस देतात.

१०. गंज पुन्हा येऊ नये म्हणून

– उतू गेलेले, सांडलेले त्याच दिवशी पुसावे. मीठ आणि आंबट रात्रभर राहू देऊ नये.

– रोज रात्री ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसावे. किनारपट्टीत हा नियम चुकवू नये.

– आठवड्यातून एकदा बर्नर आणि तिवया धुवाव्यात. महिन्यातून एकदा शेगडी उचलून खालून पाहावी.

– सुकट, खारे मासे, मिठाची बरणी शेगडीशेजारी ठेवू नये.

– शेगडी काही महिने वापरात नसेल तर कोरडी करून सुती कापडात गुंडाळावी. प्लास्टिकमध्ये बांधू नये, आत ओल धरते.

विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : स्टीलची गुंडाळीसारखी घासणी चालते काय?
उत्तर : चांगल्या स्टीलच्या घासणीचे कण गंजत नाहीत, पण ओरखडे पडतात. शिवाय स्वस्तातली घासणी स्वतःच गंजते. न वापरलेली बरी.

प्रश्न : लोखंडी घासणीने आधीच घासले आहे. आता काय?
उत्तर : पाचव्या भागातील तिसरी आणि चौथी पायरी लागोपाठ दोनदा करावी. रुतलेले कण निघून जातील. ओरखडे राहतील, पण गंज थांबेल.

प्रश्न : पत्र्यावरचा गंज अन्नात गेला तर विषबाधा होते काय?
उत्तर : थोड्या गंजाने विषबाधा होत नाही. तरी घाण ती घाणच. भीती बाळगायची ती खालच्या पाइपाची.

घरी करून पाहा

या आठवड्यात प्रत्येक घरी एक काम व्हावे. रेग्युलेटर बंद करून, सिलिंडर सोडवून शेगडी उलटी करावी आणि घरातल्या मोठ्या मुलामुलींना गॅसची वाट बोटाने दाखवावी : नळीचे तोंड, पाइप, कॉक, जेट, बर्नर. नळीवरची तारीख वाचायला लावावी. शेजारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आजी असतील तर त्यांचीही शेगडी पाहून द्यावी. त्यांना ती उचलवत नाही आणि खालचा गंज त्यांना दिसतही नाही.

ध्यानात ठेवण्यासाठी थोडक्यात : वरच्या गंजाला लिंबू आणि धीर, खालच्या गंजाला मेकॅनिक. घासण्यात जोर नको, पुसण्यात आळस नको.